गाळा नंबर ४४५

भिवंडीत पत्ता सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. मानकोली नाक्यावरून आत या, अमुक कंपाउंड, बी बिल्डिंग, गाळा नंबर सात. कंपाउंडच्या फाटकापर्यंत कंटेनर बरोबर पोचतो, पण गाळा माहीत नसेल तर माल उतरत नाही. नेटवर्कचं नेमकं हेच आहे. आयपी पत्ता म्हणजे कंपाउंड आणि पोर्ट म्हणजे गाळा. एका मशीनवर शून्यापासून ६५,५३५ पर्यंत नंबर, आणि माल पाठवायच्या दोन पद्धतींपैकी टीसीपीचे वेगळे, यूडीपीचे वेगळे. हा आकडा कुणी मुद्दाम निवडलेला नाही. पॅकेटच्या माथ्यावर या नंबरासाठी सोळा बिटांची जागा ठेवली आहे आणि सोळा बिटांत एवढंच मावतं.

माझ्याकडे नेटवर्कच्या कामाला येणाऱ्या नव्या पोराला पहिल्या दिवशी एवढं सांगतो. कुठल्या गाळ्यात कोण बसतो हे हळूहळू पाठ होतं. पाटीवर ज्याचं नाव आहे तोच आत असेल असं धरून चालायचं नाही, हे मात्र वर्षभर सांगावं लागतं.

*

१०२३ पर्यंतचे नंबर मानाचे. युनिक्सच्या जातीच्या मशीनवर ते उघडायला मालकाचा, म्हणजे रूटचा अधिकार लागतो. १०२४ ते ४९,१५१ हे नोंदणीचे. कुणीही अर्ज करावा, पटला तर मिळतो. त्यापुढचे सगळे फिरते. आपण ब्राउझर उघडतो तेव्हा आपल्या बाजूने असाच एक फिरता नंबर घेतला जातो, काम झालं की सोडला जातो. विंडोज त्यासाठी ४९,१५२ पासून पुढचे घेते. लिनक्स आपल्या हिशोबाने ३२,७६८ पासूनच सुरुवात करतं आणि नोंदणीच्या पट्ट्यात खुशाल घुसतं. कुणी दंड करत नाही.

*

कुठला नंबर कुणाचा, ही यादी ठेवायची कल्पना जॉन पोस्टेल नावाच्या माणसाची. १९७२च्या मे महिन्यात, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटच्या काळात, त्याने एक छोटं टिपण लिहिलं. नंबर वाटायला एक सर्वाधिकारी हवा, असं त्यात म्हटलं आणि तो बहुधा मीच, असं कंसात प्रश्नचिन्ह टाकून सुचवलं. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडतं. पुढे १६ ऑक्टोबर १९९८ ला वारेपर्यंत तो ते काम पाहत राहिला. सुरुवातीची कित्येक वर्षं जगाच्या नेटवर्कची नोंदवही म्हणजे एक दाढीवाला संशोधक आणि त्याचे मोजके सहकारी. आता आयाना ही संस्था हे काम करते. पण आजही नोंदलेला नंबर ‘पाळला’ जातो, ‘पाळायला लावला’ जात नाही. ८० नंबरवर वेब पेज न ठेवता कुणी गाणी ठेवली तर कसलीही यंत्रणा त्याला अडवत नाही.

*

पोरगा विचारतो, "दादा, २१, २३, २५... मधले नंबर कुठे गेले?"

चांगला प्रश्न. जुन्या अर्पानेटवर संवाद एकाच दिशेने जायचा. जायला एक नंबर, यायला एक. त्यामुळे जोडीने नंबर लागत, एक सम आणि एक विषम. टीसीपी आल्यावर एकाच नंबरावर दोन्ही दिशा भागल्या आणि बरेच सम नंबर रिकामे पडले. फायली पाठवायचं एफटीपी २१, दुसऱ्या मशीनवर दुरून काम करायचं टेलनेट २३, ईमेलचं एसएमटीपी २५ ही त्या काळाची खूण. एफटीपीने मात्र २० आणि २१ दोन्ही धरून ठेवले.

*

रिकाम्या राहिलेल्या २२ ची गोष्ट. फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर १९९५ मध्ये कुणीतरी पासवर्ड चोरायचं यंत्र लावलं. टेलनेट आणि एफटीपी दोन्ही पासवर्ड उघडे पाठवतात, म्हणजे तारेवर कान लावला की ऐकू येतात. तातू यलोनेन या तिथल्या संशोधकाने वैतागून सगळं कुलूपबंद पाठवणारं एसएसएच लिहिलं. ते टेलनेट आणि एफटीपी दोन्हींची जागा घेणार होतं, आणि २१ व २३ च्या मधला २२ मोकळा होता. त्याने १० जुलै १९९५ ला नंबर मागणारी मेल पाठवली. दुसऱ्या दिवशी पोस्टेलच्या सहकारी जॉइस रेनल्ड्स यांचं उत्तर आलं, दिला.

ना फी, ना फेऱ्या, ना साहेबाची सही. आमच्याकडे गाळ्याच्या मीटरवरचं नाव बदलायला किती दिवस लागतात ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर महिन्याभराने, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्यात शेल अकाउंट नावाचा स्वस्त प्रकार होता. मोडेम किंचाळायचा आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं यायची. म्हणजे आपण दारात उभे राहिलो तेव्हा जगात टेलनेटला कुलूप बसायला नुकती सुरुवात झाली होती.

*

आता खरा धंदा, कॅमेरे.

काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडा, राहनाळ. गोदाम इथे, मालक मुलुंडला, घाटकोपरला, काळबादेवीला. गोदामं इथे यायचं मोठं कारण मुंबईची जकात. हद्दीबाहेर माल ठेवला की विकेपर्यंत जकात भरावी लागत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली, उलट वाढली. मालक दूर आणि माल इथे, म्हणून प्रत्येक शेठचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मला मोबाइलवर दिसलं पाहिजे."

दिसायचं तर राउटरमध्ये वाट काढून द्यावी लागते. बाहेरून अमुक नंबरवर कुणी आला तर त्याला आतल्या, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरकडे पाठव, अशी ती आज्ञा. हायकव्हिजनचा नंबर ८०००, दाहुआचा ३७७७७, थेट चित्राचा प्रवाह ५५४ वर, आणि सेटिंगचं पान ८० वर. ही वाट शेठच्या मोबाइलसाठी काढली, तरी ती फक्त शेठसाठी राहत नाही. नंबर माहीत असलेला जगातला कुणीही येऊन दार वाजवू शकतो. आणि नंबर सगळ्यांना माहीत आहे. मॅन्युअलमध्येच छापलेला आहे.

२०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने हेच केलं. तो २३ नंबर वाजवत जगभर फिरायचा, अधूनमधून २३२३. टेलनेट उघडं सापडलं की कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची जंत्री लावून बघायचा. अॅडमिन-अॅडमिन, रूट-१२३४५ अशा थाटाची. त्यात सापडले ते मुख्यतः कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर. २१ ऑक्टोबर २०१६ ला या फौजेने डिन या अमेरिकन डीएनएस कंपनीवर इतका भार टाकला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट काही तास अमेरिकेच्या मोठ्या भागात उघडेनात. मिराई बनवल्याबद्दल पकडले गेले ते विशीतले तीन अमेरिकन पोरगे. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर चालवण्याच्या धंद्यात एकमेकांवर कुरघोडी करायची म्हणून हे हत्यार तयार झालं होतं.

गोदामातला कॅमेरा चोरावर नजर ठेवायला लावतात. तो स्वतःच उचलला गेला तर भिंतीवरून हलत नाही, चित्रही दाखवत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी बंधनकारक झाली, हे चांगलं झालं. आधीचे लाखो कॅमेरे मात्र आपापल्या खिळ्यावर आहेत.

*

हल्ली राउटरमधून ही वाट काढता येत नाही अशी तक्रार जास्त. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ किंवा त्याच्या आसपासचा दिसला की समजायचं, हा खाजगी. जगात आयपीव्ही४ चे पत्ते संपले, म्हणून इंटरनेट देणारी कंपनी एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक गिऱ्हाइकं बसवते आणि त्यांना पोर्ट नंबरावरून वेगळं ओळखते. बाहेरून येणाऱ्याला वाट मिळत नाही. कॅमेरा मग स्वतःच बाहेर जाऊन तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला धरून बसतो आणि शेठचं अॅप तिथून चित्र उचलतं.

याची दुसरी बाजू पोलिस ठाण्यात कळते. फसवणुकीच्या तक्रारीत नुसता आयपी पत्ता आणि वेळ दिली, तर इंटरनेट कंपनीकडून एका माणसाचं नाव न येता गठ्ठा येतो. नेमका माणूस हवा तर त्या क्षणी त्याच्याकडे असलेला फिरता नंबरही लागतो. सर्व्हरवाल्यांनी येणाऱ्याचा पोर्टही नोंदवावा, ही शिफारस २०११ पासून लेखी आहे. किती जण नोंदवतात? मी पाहिलेल्या बहुतेक लॉगमध्ये पत्ता असतो, गाळा नसतो.

*

हजेरीचं बोटाचं मशीन, ४३७०. जोडणीचा गुप्त आकडा बहुतेक ठिकाणी शून्यच ठेवलेला. म्हणजे त्या नेटवर्कवर बसलेला कुणीही हजेरीची वही उचलू शकतो. हमालांच्या मुकादमाला हे सांगितलं तर तो हसला, "साहेब, आमची वही कागदाची. तिला कुणी हॅक करत नाही, फाडतात."

*

बारकोडची लेबलं छापणारा प्रिंटर, ९१००. या नंबरावर जे येईल ते छापायचं, एवढंच त्याला कळतं. कोण आलास, कुठून आलास, विचारणं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाने इंटरनेटवर ९१०० उघडा असलेले पन्नास हजारांच्या आसपास प्रिंटर शोधले आणि सगळ्यांवर एका यूट्यूबवाल्याचं चॅनेल सबस्क्राइब करा असा कागद छापला.  आमच्याकडे रात्रपाळीत प्रिंटरमधून आपोआप काही बाहेर आलं असतं तर आधी नारळ फुटला असता, मग मला फोन.

*

२५ नंबर. झेरॉक्स मशीनवरून स्कॅन करून मेल जात नाही, ही तक्रार. मशीनमध्ये २५ घातलेला असतो आणि कनेक्शनवाल्याने तो बाहेर जायला बंद केलेला असतो, कारण व्हायरस लागलेल्या घराघरांतल्या मशीन याच नंबरावरून कचरा मेल ओकायच्या. ५८७ घाला, चालतं. ४६५ चा इतिहास गमतीचा. नव्वदच्या दशकात तो सुरक्षित मेलसाठी दिला, मग काढून घेतला, भलत्याच कामाला नोंदवला. पण वापरणारे हललेच नाहीत. शेवटी २०१८ मध्ये तो पुन्हा मेलच्या नावावर केला. ताबा ज्याचा, त्याचा गाळा. कोर्टकचेरीत मुरलेल्या भिवंडीकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

*

टॅली.

इथलं कुठलंही ऑफिस घ्या. यार्नवाला असो, ग्रे कापडाचा व्यापारी असो की ट्रान्स्पोर्टवाला. मेहताजींच्या, म्हणजे हिशोबनिसांच्या, टेबलावर टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर. टॅली बाहेरच्या सॉफ्टवेअरशी ९००० वर बोलते, लायसन्सचं काम ९९९९ वर. दोन्ही नंबर नवे पोरगे लगेच पाठ करतात. पण जो नंबर खरा सांभाळायचा तो टॅलीचा नाहीच. तीन-चार मशीनवर एकच कंपनी उघडायची म्हणून डेटाचं फोल्डर विंडोजमध्ये शेअर केलेलं असतं, सर्वांना पूर्ण अधिकार, पासवर्ड नाही. ती शेअरिंग चालते ४४५ वर. विंडोज २००० पासून हा नंबर. त्याआधी हे काम १३९ वरून चालायचं.

सगळ्या वर्षाचा हिशोब, उधारी, स्टॉक, या एका उघड्या गाळ्यात.

*

४४५ चं २०१७ हे वर्ष नीट लिहून ठेवावं.

१४ मार्च २०१७. मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारं अपडेट काढलं. ते भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होतं आणि त्यासाठीचं हत्यार तिथून फुटलं. एप्रिलमध्ये ते सगळ्यांसाठी बाहेर आलं. १२ मे ला वॉनाक्राय. ४४५ वाजवत फिरायचं, अपडेट न केलेलं मशीन सापडलं की आत शिरायचं, फायली कुलूपबंद करायच्या, खंडणी मागायची, आणि तिथून पुढचं ४४५ वाजवायचं. दीडशे देश, दोन लाखांहून जास्त मशीन.

२७ जून ला त्याहून वाईट, नॉटपेट्या. याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरपासून झाली. एम.ई.डॉक नावाचं, तिकडे कर भरायला सर्रास वापरतात असं. चोरांनी त्या कंपनीच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्येच शिरकाव केला आणि गिऱ्हाइकांनी विश्वासाने अपडेट घेतलं. आत आल्यावर ४४५ वरचं तेच भोक. पण याच्याकडे दुसरीही युक्ती होती. एका मशीनच्या मेमरीत राहिलेले पासवर्ड उचलायचे आणि तेच वापरून शेजारच्या मशीनवर राजरोस शिरायचं. म्हणून अपडेट केलेली मशीनही वाचली नाहीत. खंडणी भरूनही फायली परत येणार नव्हत्या; तो फक्त नासधूस करायला बनवला होता.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क काही तासांत आडवं झालं. तिच्या ताब्यातल्या टर्मिनलांमध्ये एक आपलं, न्हावाशेव्याच्या जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया. वर्षाला अठरा लाख कंटेनरांची क्षमता असलेलं. कुठला कंटेनर कुठल्या थप्पीत, कुठल्या ट्रकचा, हे सगळं संगणकात. तो गेल्यावर काम हातावर आलं आणि कंटेनर अडकले. बंदरातून उरण फाटा, तिथून ठाणे-भिवंडी, हा आमच्या मालाचा रोजचा रस्ता. त्याच आठवड्यात, १ जुलैच्या तोंडावर, भिवंडीतला प्रत्येक मेहता जीएसटीसाठी टॅलीची नवी आवृत्ती टाकून घ्यायच्या घाईत होता. युक्रेनमधला मेहता असंच एक अपडेट घेताना बुडाला होता. त्या दिवसांत मी लोकांना अपडेट घ्या म्हणून सांगत होतो आणि तेच बरोबर होतं, तरी एम.ई.डॉकची बातमी वाचल्यावर हे वाक्य पहिल्यासारखं सरळ उरलं नाही.

पुढचा तपशील भिवंडीकरांसाठी. मर्स्कच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला काय अधिकार, हे ठेवणारे डोमेन कंट्रोलर जगभर होते आणि ते सगळे एकमेकांशी जुळवून ठेवलेले, म्हणून सगळे एकदम गेले. वाचला एकच, आफ्रिकेत घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका मशीनवरून सगळं पुन्हा उभं केलं. दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार पीसी नव्याने बसवले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर, असं कंपनीनेच सांगितलं. २००७ च्या जानेवारीत टोरंट ही वीज कंपनी येण्याआधीची भिवंडी ज्यांनी पाहिली आहे, भारनियमनात बंद पडलेले माग पाहिले आहेत, त्यांना लाइट जाण्याचा असा उपयोग सुचणं कठीण.

*

१२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई-ठाणे अंधारात. त्यात नाव आलं पडघा-कळवा वीजवाहिन्यांचं. पडघा आमच्या तालुक्यातलं. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय बोलून दाखवला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. वीज यंत्रणेच्या दूरनियंत्रणाची भाषा २४०४ या नंबरावर बोलली जाते, कारखान्यातल्या यंत्रांची मॉडबस ५०२ वर. दोन्ही अशा काळात जन्मल्या की समोरचा कोण हे विचारायची पद्धतच नव्हती. म्हणून त्यांना बाहेरच्या वाऱ्यावर ठेवायचं नसतं. त्या दिवशी काय झालं याचा निकाल चहाच्या टपरीवर रोज लागतो, मी तिथे मत देत नाही.

*

साध्या यंत्रमागाला पोर्ट नाही. खटखट ऐकली की चालू, थांबली की धागा तुटला. नवे एअरजेट आले आहेत त्यांना जाळ्याची तार जोडता येते. किती मीटर विणलं, किती वेळा थांबला, सगळं ऑफिसात दिसतं. कारखानदाराला हवं आहे. कारागिराला विचारलेलं नाही.

*

१२३. सोपा नंबर, वेळेचा. एनटीपी. अमेरिकेतल्या डेलावेर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी हे काम उभं केलं. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले. मशीन या नंबरावर सर्व्हरला वेळ विचारतं आणि आपलं घड्याळ लावून घेतं. क्षुल्लक वाटतं ना? गोदामात चोरी झाली की पहिलं भांडण यावरूनच होतं. डीव्हीआरची बॅटरी मेलेली, घड्याळ भलत्याच तारखेला, आणि फुटेजवर चोर दिसतो तो काही वर्षांपूर्वीचा. पंचनाम्यात काय लिहिणार? वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात कंपन्यांना सांगितलं आहे की घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवा, लॉग १८० दिवस ठेवा, घटना घडली तर सहा तासांत कळवा. सहा तास! आमच्याकडे घटना कळायलाच सोमवार उजाडतो. १२३ मात्र प्रत्येक डीव्हीआरमध्ये चालू करून द्यायला दोन मिनिटं लागतात. देतो.

*

"नेट चालू आहे पण काही उघडत नाही." म्हणजे ५३. नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस बसलं आहे.

या नंबराभोवतीची २००८ ची गोष्ट पोर्टची खरी किंमत सांगते. डॅन कमिन्स्की या संशोधकाला दिसलं की डीएनएस सर्व्हरला खोटं उत्तर खपवणं फार सोपं आहे. सर्व्हर प्रश्न विचारतो, त्याला एक क्रमांक लावतो आणि तोच क्रमांक असलेलं पहिलं उत्तर खरं मानतो. क्रमांक सोळा बिटांचा, अंदाज बांधता येण्याजोगा. आणि उत्तर कुठल्या पोर्टवर न्यायचं हे तर ठरलेलंच, कारण बरेच सर्व्हर प्रत्येक प्रश्न एकाच पोर्टवरून विचारायचे. त्याने गवगवा न करता मोठ्या कंपन्यांना एकत्र बोलावलं आणि जुलैमध्ये सगळ्यांनी मिळून दुरुस्ती काढली. ती अशी, की प्रत्येक प्रश्न वेगळ्या, मनमानी पोर्टवरून विचारायचा. आता खोटं बोलणाऱ्याला क्रमांकही ओळखायचा आणि गाळाही. फिरत्या नंबरांचा असा उपयोग होईल हे त्या नंबरांची सोय करणाऱ्यांच्या मनात नसावं.

*

४४३. सुरक्षित वेबसाठी नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या किप हिकमनने १९९४ च्या सुमाराला नोंदवलेला. आज सगळं यातून जातं. बँक, जीएसटी, १ एप्रिल २०१८ पासूनचं ई-वे बिल, ट्रकवाल्याचं जीपीएस, पोराचं रील. ऑफिसात फायरवॉल लावणारे सांगतात, "आम्ही ४४३ सोडून सगळं बंद केलंय." छान. मग चोरही ४४३ नेच बाहेर जातो, तिथे गर्दीत कोण ओळखतो? नवं एचटीटीपी-३ तर याच नंबराच्या यूडीपी बाजूने चालतं, आणि जुन्या फायरवॉलला त्या बाजूचं काही वाचता येत नाही. मला वाटतं, पाठ करायच्या नंबरांची यादी दरवर्षी लहान होत चालली आहे, आणि त्याने काम सोपं झालेलं नाही. आधी गाळ्यावरून माल ओळखता यायचा.

*

७ आणि १९. जुने, बंद पडलेले नंबर. ७ वर जे पाठवाल ते तो परत पाठवतो. १९ वर ठोठावलं की अक्षरांची रांग सोडतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सर्टने सावध केलं की खोट्या पत्त्याचं एक पॅकेट टाकून या दोघांना एकमेकांशी बोलायला लावता येतं. मग १९ बोलतो, ७ तेच परत करतो, १९ पुन्हा बोलतो, आणि नेटवर्क भरून जातं. हेच बघावं लागेल म्हणून महानगरपालिकेच्या सभेचं थेट प्रक्षेपण मी पाहत नाही.

*

३३८९. विंडोजचं दुरून चालवायचं दार. सीएला घरून टॅली बघायची असते, शेठला रात्री अकराला उधारी बघायची असते, म्हणून कुणीतरी राउटरमध्ये हा नंबर बाहेर उघडून देतं. खंडणीखोरांचा हा सगळ्यांत आवडता नंबर. मे २०१९ मध्ये याच सेवेत पासवर्डशिवाय आत येता येईल असं भोक सापडलं होतं. मायक्रोसॉफ्टला चक्क मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही अपडेट काढावं लागलं. बहुतेक वेळा मात्र भोक लागतच नाही. अकाउंट १, पासवर्ड टॅली१२३.

परवाचं संभाषण. अंजूरफाट्याजवळचं ऑफिस, शेठ वयस्कर, कच्छी, मराठी आमच्यापेक्षा बरं.

"भाऊ, आधीचा मुलगा हुशार होता. त्याने नंबर बदलून ३३९० केला. आता कुणाला कळणार?"

"शेठ, मिशिगन विद्यापीठाने २०१३ मध्ये एक प्रोग्रॅम काढला. एक नंबर घेऊन जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासात वाजवून येतो. ३३९० ला अजून पाऊण तास."

शेठनी चष्मा काढून पुसला. "मग?"

मग वायरगार्ड, बाहेरून आत यायचा कुलूपबंद बोगदा. ५१८२०, यूडीपी. याची खुबी अशी की चावी बरोबर नसेल तर तो उत्तरच देत नाही. नाही म्हणायलाही तोंड उघडत नाही. वाजवणाऱ्याला कळत नाही की इथे कुणी राहतं. ३३८९ आणि ४४५ दोन्ही बाहेरून बंद, आत आल्यावरच दिसतील.

"म्हणजे सीएला पण दिसणार नाही?"

"त्यांना चावी देऊ."

"आणि त्याने चावी त्याच्या आर्टिकलशिपच्या पोरांना दिली तर?"

यावर माझ्याकडे पोर्ट नंबर नव्हता. प्रत्येकाला वेगळी चावी, पोरगा सोडून गेला की त्याची काढायची, असं सांगितलं. शेठनी मेहताजींना हाक मारून वहीत पहिलं नाव लिहायला लावलं, स्वतःच्या धाकट्या मुलाचं. त्याच्यापुढे लिहिलं, फक्त बघायचं, बदलायचं नाही.